कुत्र्या-मांजरांची खाण्यापिण्याची भांडी किती वेळा घासावीत आणि कशी

पाण्याचं वाडगं रिकामं करा आणि तळापासून काठापर्यंत आतून बोट फिरवा. बोट बुळबुळीत थरावरून सरकलं, तर जिवाणूंनी तिथे बस्तान बसवलं आहे. लाळ आणि अन्नाचे कण यांवर ते वाढतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण करतात. यालाच बायोफिल्म म्हणतात. काही भांड्यांत काठाला गुलाबी कडा धरते, ती बहुधा सेराशिया मार्सेसेन्स या जिवाणूची असते. नळाखाली भांडं विसळलं की सुटे कण वाहून जातात, पण हा थर जागचा हलत नाही. त्याला साबण हवा आणि घासणी हवी. म्हणून पुढे जिथे ‘धुवा’ म्हटलं आहे, तिथे घासून धुवा असंच समजा.

किती वेळा?

ओलं खाद्य किंवा घरी शिजवलेलं अन्न असेल, तर प्रत्येक जेवणानंतर. प्राण्याने अर्धं सोडलं असेल तर दोन तासांत उचला. हवा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरातच, कारण उबेत जिवाणू फार वेगाने वाढतात. झाकून पुन्हा संध्याकाळी तेच पुढे करू नका.

कोरड्या खाद्याचं भांडं रोज एकदा. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, कारण भांडं स्वच्छ दिसतं. पण या दाण्यांवर चव येण्यासाठी चरबीचा लेप दिलेला असतो. ती चरबी भांड्याला ओशटपणा आणते, हवेने खवट होते आणि त्यात लाळ मिसळते. जुन्या दाण्यांवर रोज नवे दाणे ओतत राहिलं की तळाचा भुगा कित्येक दिवस तसाच पडून राहतो. मांजर एकाएकी खाद्याला तोंड लावेनासं झालं, तर खाद्याचा ब्रँड बदलण्याआधी भांड्याचा वास घेऊन पाहा. खाणं पूर्ण बंद असेल, तर मात्र वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या.

पाण्याचं भांडं रोज घासायचं आणि पाणी दिवसातून दोनदा बदलायचं. कमी झालेल्या पाण्यात भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला याहून कडक आहे: खाद्याची भांडी आणि खाद्य काढायचा डाव प्रत्येक वापरानंतर साबण आणि गरम पाण्याने धुवावा. तो पाळता आला तर उत्तमच. पण 2022 साली ‘प्लॉस वन’ नियतकालिकात आलेल्या, 417 श्वानपालकांच्या पाहणीत या सूचना ठाऊक असलेले पाच टक्केही निघाले नाहीत, आणि भांडी तीन महिन्यांतून एकदा किंवा कधीच न धुणारे 18 टक्के होते. रोज एकदा ही आमच्या मते किमान मर्यादा आहे.

कच्च्या मांसाची गोष्ट निराळी. त्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, आणि मांस गोठवल्याने तो मरत नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन प्रयोगात असं मांस ठेवलेली भांडी नेहमीच्या पद्धतींनी स्वच्छ आणि निर्जंतुक केली, तरी त्याचा फारसा उपयोग झाला नाही. घरात तान्हं मूल, गरोदर बाई, वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर कच्चं मांस देऊच नये. देतच असाल, तर त्यासाठी स्टीलचं वेगळं भांडं ठेवा आणि खाणं संपताक्षणी उचलून घासा.

घासायची रीत

आधी खरकटं कागदाने पुसून कचऱ्यात टाका, नाहीतर ते घासणीत अडकतं. वाळून चिकटलं असेल तर गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा. मग हाताला सोसेल इतकं गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब घेऊन किमान अर्धा मिनिट घासा. घासणी या भांड्यांपुरतीच ठेवा, आपल्या ताटांना ती लावू नका. सहसा तीन जागा राहून जातात. एक, काठाची दुमड. दुसरी, बाहेरची बाजू, जिथे हनुवटी आणि जीभ लागते. तिसरी म्हणजे स्टीलच्या वाडग्याखालची रबरी कडी. ती ओढून काढा. तिच्याखाली पाणी साचून काळपट थर बसलेला असतो आणि भांड्याला येणारा कुबट वास बऱ्याचदा तिथूनच येतो.

नंतर वाहत्या पाण्याखाली साबणाचा वास जाईपर्यंत धुवा. मांजराला तो वास आला तर ते पाणी पीत नाही. धुतलेल्या भांड्याच्या आतून पाणी सोडून पाहा: ते सलग पडद्यासारखं पसरलं तर भांडं स्वच्छ निघालं, जागोजागी थेंब झाले तर ओशटपणा शिल्लक आहे. मग जाळीवर पालथं घालून निथळू द्या. ओट्यावरच्या फडक्याने पुसलं तर फडक्यातले जिवाणू पुन्हा भांड्यात जातात. पूर्ण वाळायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक प्राण्यामागे भांड्यांचे दोन संच ठेवणं सोयीचं. शेवटी सिंक घासा आणि साबणाने 20 सेकंद हात धुवा.

आठवड्यातून एकदा निर्जंतुक करायला 5 ते 6 टक्क्यांचं साधं, बिनवासाचं ब्लीच घ्या, 1 लीटर पाण्याला 4 मिली. भांडं आधी साबणाने घासलेलं हवं, कारण खरकटं उरलं तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. दहा मिनिटं बुडवून ठेवा, भरपूर पाण्याने धुवा, वाळवा. स्टील रात्रभर ब्लीचमध्ये ठेवलं तर त्याला बारीक खड्डे पडतात. पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर असेल तर व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन अर्धा तास भिजवा, पण हे काम दुसऱ्या दिवशी करा. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

फिनाइल किंवा फरशीचं जंतुनाशक या भांड्यांना अजिबात लावू नका. मांजराचं यकृत फिनॉलवर्गातली रसायनं नीट निकामी करू शकत नाही, आणि फरशीच्या अनेक जंतुनाशकांत असणारं बेंझाल्कोनियम क्लोराइड चाटण्यात आलं तर जिभेला फोड येतात.

भांडं कशाचं, यंत्र कोणतं

स्टील सगळ्यात सोपं. प्लास्टिकला घासताना चरे पडतात आणि त्या चऱ्यांत घासणी पोचत नाही. मांजराच्या हनुवटीवर काळे ठिपके किंवा पुटकुळ्या दिसल्या, तर प्लास्टिक बदलून बघण्यासारखं आहे. चिनी मातीचं भांडं चकाकी शाबूत असेपर्यंत चांगलं. टवका उडाला किंवा बारीक तडे दिसले की ते वापरातून काढा.

पाण्याचं कारंजं स्वच्छ दिसतं म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. आठवड्यातून एकदा वीज काढून सगळे भाग सुटे करा. पंपाचं झाकण उघडून आतली छोटी फिरकी बाहेर ओढा आणि तिच्या खोबणीतली बुळबुळ आणि केस जुन्या मऊ ब्रशने काढा. पंप घरघरू लागला किंवा धार बारीक झाली, तर बहुधा तिथेच केस अडकलेले असतात. फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला. फिल्टर आहे म्हणून घासायचं टाळता येत नाही.

सशाच्या किंवा गिनीपिगच्या बाटलीला बाटलीचा ब्रश हवा. नळीतली गोळी दाबून पाणी येतंय का, हे रोज तपासा. हिरवी झाक आली तर ते शेवाळ आहे. बाटली उन्हापासून दूर टांगा. पक्ष्यांच्या वाटीत विष्ठा पडते, म्हणून ती दिवसातून दोनदा धुवावी लागते.

घरात एकाहून जास्त प्राणी असतील आणि एकाला जुलाब किंवा सर्दी झाली, तर त्याची भांडी आणि घासणी बरं वाटेपर्यंत वेगळी ठेवा आणि ती सगळ्यात शेवटी धुवा. कुत्र्यांना जीवघेणे जुलाब-उलट्या करणारा पार्व्होचा विषाणू साबणाने मरत नाही. त्यासाठी ब्लीचचं प्रमाण वाढवून 1 लीटर पाण्याला साधारण 33 मिली करा आणि घासलेलं भांडं दहा मिनिटं पूर्ण बुडवा. प्लास्टिकचं चरे पडलेलं भांडं असेल, तर ते टाकूनच द्या.