ग्राफिक्स कार्डाची तुलना : आधी वॉट पाहावेत

बारावीचा निकाल लागला की नागपूरच्या सीताबर्डीतल्या संगणकाच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोन्हींत आरटीएक्स ४०७० हेच ग्राफिक्स कार्ड आहे, मग लॅपटॉपच का घेऊ नये?" प्रश्न रास्त आहे, कारण खोक्यावरचे नाव खरोखरच एक असते. २०१६ मध्ये ही कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाने १० मालिकेची कार्डे आणली तेव्हा लॅपटॉपच्या कार्डाला लागणारे 'एम' हे अक्षर काढून टाकले. आता अधिकृत नावाच्या शेवटी 'लॅपटॉप जीपीयू' असे शब्द असतात खरे, पण जाहिरातीत आणि दुकानदाराच्या बोलण्यात ते सहज गळून पडतात.

म्हणून तुलनेची सुरुवात ओळख पटवण्यापासून करावी. जीपीयू-झेड हे छोटे, मोफत सॉफ्टवेअर दोन्ही यंत्रांवर उघडावे आणि चिपचे नाव, शेडरची (म्हणजे हिशेब करणाऱ्या कोअरची) संख्या, मेमरी आणि बसची (चिप व मेमरी यांना जोडणाऱ्या वाटेची) रुंदी या चार नोंदी वहीत शेजारीशेजारी लिहाव्यात. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये एडी१०४ ही चिप, ५,८८८ कोअर, १२ जीबी मेमरी आणि १९२ बिटची बस आहे. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये एडी१०६ ही लहान चिप, ४,६०८ कोअर, ८ जीबी मेमरी आणि १२८ बिटची बस आहे. ही दोन वेगळी कार्डे आहेत आणि त्यांचे नाव एक ठेवणे मला तरी सरळ व्यवहार वाटत नाही. ४०९० मध्ये दरी आणखी रुंद आहे : डेस्कटॉपवर १६,३८४ कोअर, तर लॅपटॉपवर ९,७२८, म्हणजे डेस्कटॉपच्या ४०८० इतकेच. उलट ४०६० मध्ये दोन्हीकडे एडी१०७ हीच चिप, ३,०७२ कोअर आणि ८ जीबी मेमरी आहे, त्यामुळे तिथे प्रश्न उरतो तो फक्त विजेचा आणि उष्णतेचा.

हा विजेचा प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा आहे. डेस्कटॉपच्या ४०६० ला ११५ वॉट ठरलेले आहेत. लॅपटॉपच्या ४०६० ला मात्र ३५ पासून ११५ वॉटपर्यंत कितीही देण्याची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला असते, आणि प्रोसेसरच्या वाट्याची वीज काही वेळ कार्डाकडे वळवणारी सोय असेल तर वर आणखी २५ वॉट मिळू शकतात. परिणामी, एकाच नावाचे कार्ड असलेला पातळ, देखणा लॅपटॉप त्याच काउंटरवरच्या जाडजूड लॅपटॉपच्या बराच मागे पडू शकतो. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलचे कमाल वॉट दिलेले असतील तर ते पाहावेत. नसतील तर दुकानात एक साधी गोष्ट करावी : अडॅप्टर उलटा करून मागचे बारीक छापील अक्षर वाचावे. तिथे २० व्होल्ट आणि ११.५ अँपिअर लिहिले असेल तर गुणाकार २३० वॉट येतो, आणि पूर्ण ताकदीच्या ४०६० ला, प्रोसेसरला व पडद्याला तेवढी वीज पुरते. गुणाकार १२० च्या आसपास आला, तर ११५ वॉटचे कार्ड आणि तापलेला प्रोसेसर दोघांचे त्यात भागणार नाही, हे दुकानदाराने काहीही सांगितले तरी समजून घ्यावे.

चाचणीपूर्वी दोन्ही यंत्रे शक्य तितकी एका पातळीवर आणावीत. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा, कारण बॅटरीवर कार्डाची वीज मोठ्या प्रमाणात कापली जाते. त्याच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये परफॉर्मन्स मोड निवडावा आणि मक्स स्विच (पडदा कोणत्या ग्राफिक्सला जोडायचा ते ठरवणारी सोय) असेल तर पडदा थेट ग्राफिक्स कार्डाला जोडावा. अन्यथा प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एकेक चित्र, प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समधून फिरून पडद्यावर येते आणि त्यात थोडा वेग वाया जातो. ड्रायव्हरची (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती एकच ठेवावी, फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाशी बांधणारे व्ही-सिंक बंद करावे आणि रिझोल्यूशन समान निवडावे. ते १४४० पी (२५६० × १४४० ठिपके) असल्यास उत्तम, कारण कमी रिझोल्यूशनवर अनेकदा प्रोसेसरच अडसर ठरतो आणि आपण कार्डाऐवजी त्याचीच परीक्षा घेत बसतो.

आता खोलीच्या तापमानाकडे वळू. हा मुद्दा परदेशी परीक्षणांत क्वचित येतो, कारण ती बहुधा गार खोलीत केलेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि कूलर लावलेल्या खोलीतही दुपारी तिशीच्या खाली येणे कठीण असते. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची उष्णता बहुतेक वेळा त्याच तांब्याच्या नळ्यांतून बाहेर जाते, त्यामुळे खोली दहा अंशांनी तापली की तापमानाची मर्यादा लवकर गाठली जाते आणि क्लॉक (चिपचा कामाचा वेग) खाली येतो. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर आम्ही नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) एकच चाचणी पहाटे आणि दुपारी तीनला घेतली, तेव्हा दुपारी पंख्यांचा आवाज कूलरच्या वर ऐकू येत होता आणि गुण मात्र पहाटेपेक्षा कमी होते. म्हणून दोन्ही यंत्रांची चाचणी एकाच खोलीत, एकाच वेळी घ्यावी आणि गुणांशेजारी खोलीचे तापमान लिहावे. (लॅपटॉप कूलरच्या तोंडाशी ठेवण्याचा मोह टाळावा, गवताच्या जाळीतून आलेले थेंब कीबोर्डवर पडतात.)

प्रत्यक्ष चाचणीसाठी थ्रीडीमार्क या सॉफ्टवेअरमधली टाइम स्पाय ही चाचणी चालते. तिच्या निकालात एकूण गुण आणि ग्राफिक्सचे गुण वेगळे दाखवतात. आपण फक्त ग्राफिक्सचे घ्यावेत, कारण एकूण गुणांत प्रोसेसर मिसळलेला असतो. पहिल्या फेरीवर विश्वास ठेवू नये. थंड लॅपटॉप पहिली काही मिनिटे जोमाने पळतो आणि जाहिरातीतला आकडा बहुधा तेव्हाचाच असतो. कार्डावर सतत ताण देणारे युनिजिनचे हेवन हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि आपण थांबवेपर्यंत चालत राहते. ते वीस मिनिटे चालवून लगेच टाइम स्पाय पुन्हा घ्यावी. त्या वेळी एचडब्ल्यू-इन्फो या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचे वॉट, क्लॉक आणि तापमान यांची नोंद सुरू ठेवावी. वॉट घसरत असतील आणि तापमान कमाल मर्यादेला चिकटून असेल, तर हवा कमी पडते आहे; वॉट ठरलेल्या आकड्यावरच स्थिर असतील, तर मर्यादा कंपनीने घातलेली आहे आणि कूलिंग पॅड घेऊन फारसा फायदा होणार नाही.

थ्रीडीमार्कच्या पैसे भरून मिळणाऱ्या आवृत्तीत २० फेऱ्यांची स्ट्रेस टेस्ट असते आणि ९७ टक्के स्थैर्य मिळाले की ती उत्तीर्ण मानतात. मात्र ही टक्केवारी फक्त सातत्य सांगते. सुरुवातीपासूनच कमी विजेवर चालणारा लॅपटॉपही त्यात दिमाखात उत्तीर्ण होतो.

टक्केवारी काढताना पाया कोणता घेतला हे लिहून ठेवावे. समजा लॅपटॉपला ८,००० आणि डेस्कटॉपला १०,००० गुण मिळाले, तर लॅपटॉप २० टक्क्यांनी मागे आहे, पण डेस्कटॉप २५ टक्क्यांनी पुढे आहे. दोन्ही विधाने खरी आहेत आणि विकणारा आपल्या सोयीचे सांगतो.

आर्किटेक्चर किंवा ॲनिमेशन शिकणाऱ्याने खेळांच्या फ्रेमवर न थांबता ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा एखादा जड सीन दोन्हींवर रेंडर करून (त्याचे अंतिम चित्र बनवून) वेळ मोजावा. सीन ८ जीबीत मावला नाही तर कार्डाला मुख्य मेमरीचा आधार घ्यावा लागतो आणि वेग कोसळतो. तिथे १२ जीबीचे कार्ड कोअरच्या हिशेबापलीकडे पुढे निघून जाते.

शेवटी किंमत मांडताना डेस्कटॉपच्या बाजूला मॉनिटर, कीबोर्ड आणि यूपीएस धरावेत. घरगुती ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो; २०० वॉटचे ४०७०, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून रेंडरच्या मध्यात त्याच्या अगदी काठाशी जातात. त्यामुळे उन्हाळ्यात लाइट वारंवार जाणाऱ्या वस्तीत राहणाऱ्याने १,००० व्हीएच्या यूपीएसची किंमत आधीच विचारून घ्यावी आणि ती डेस्कटॉपच्या रकान्यात लिहावी.