सोनोग्राफी तंत्रज्ञ व्हायचे असेल तर: कोकणातील विद्यार्थ्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातील पालक मुलांना घेऊन आमच्या क्ष-किरण विभागात येतात आणि सोनोग्राफीचा कोर्स कुठे करावा असे विचारतात. महाविद्यालयांची नावे सांगण्याआधी मी त्यांना कायदा सांगतो, कारण या एका विषयात शिक्षणाची सुरुवात कायद्यापासूनच होते. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. या कायद्याखाली गरोदर स्त्रीची सोनोग्राफी स्वतः करण्याचा अधिकार पात्रताधारक नोंदणीकृत डॉक्टरांनाच आहे, तंत्रज्ञाला नाही. पोटाच्या साध्या तपासणीतसुद्धा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा यंत्राचा भाग, डॉक्टरांच्याच हातात असतो आणि अहवालावर सही त्यांचीच असते.

‘सहा महिन्यांत सोनोग्राफी शिका’ अशी जाहिरात दिसली की म्हणूनच सावध व्हावे. २०१४ च्या नियमांमध्ये सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद खरोखरच आहे, परंतु ती एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांसाठी आहे. बारावीनंतर लगेच कोणी तेवढ्या मुदतीचे प्रमाणपत्र देऊ करत असेल, तर त्याच्या बळावर स्वतंत्रपणे तपासणी करता येणार नाही, हे फी भरण्याआधी समजून घ्यावे. राजापूरकडची एक मुलगी असेच प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे आली होती. सहा महिने तिने पडद्यावर यंत्राची चित्रे पाहिली होती आणि प्रोब एकदाही हातात धरला नव्हता. तिच्या वडिलांनी आंब्याच्या हंगामाचे पैसे त्या फीत घातले होते.

मग योग्य मार्ग कोणता? विज्ञान शाखेतून भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घेऊन बारावी करावी आणि त्यानंतर मेडिकल रेडिओलॉजी व इमेजिंग टेक्नॉलॉजीची पूर्ण पदवी घ्यावी. या पदवीत क्ष-किरण, सीटी स्कॅन आणि एमआरआय यांच्या जोडीने सोनोग्राफी शिकवली जाते. केवळ सोनोग्राफीवर नोकरी मिळणे आपल्या जिल्ह्यांत कठीण आहे. जो उमेदवार रात्रपाळीत छातीचा एक्स-रे आणि डोक्याचा सीटीही व्यवस्थित काढू शकतो, त्याला रुग्णालय आधी बोलावते. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोग कायद्यात रेडिओलॉजी आणि इमेजिंगचे तंत्रज्ञ समाविष्ट आहेत, आणि या कायद्याप्रमाणे आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी किमान ३६०० तासांची असावी लागते. अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक हातात आले की त्यातील तास प्रथम मोजावेत.

रायगड जिल्ह्यात कामोठे येथील एमजीएम संस्थेत अशी पदवी आहे. त्याखेरीज सावर्डे, पडवे, अलिबाग, ओरोस आणि रत्नागिरी येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत; तेथे इमेजिंगचा कोणता अभ्यासक्रम त्या वर्षी चालू आहे याची चौकशी स्वतः जाऊन करावी. गेल्यावर कार्यालयात बसून न राहता थेट रेडिओलॉजी विभाग पाहावा. सोनोग्राफीची यंत्रे किती आहेत, रेडिओलॉजिस्ट (या विषयाचे तज्ज्ञ डॉक्टर) पूर्ण वेळ असतात की आठवड्यातून दोनदा येतात, विद्यार्थ्याला यंत्राजवळ उभे राहू देतात का, हे विचारावे. शक्य झाल्यास शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याची लॉगबुक, म्हणजे रोजच्या कामाची नोंदवही, पाहण्याची विनंती करावी. नोंदी रोजच्या रोज केलेल्या आहेत की एका बैठकीत एकाच शाईने भरलेल्या आहेत, हे पाहताक्षणी कळते.

भौतिकशास्त्राला अनेक विद्यार्थी घाबरतात. किनाऱ्यावरच्या मुलांनी तरी घाबरू नये, कारण रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील कोणत्याही ट्रॉलरवरचा फिश फाइंडर (मासे शोधणारे यंत्र) याच तत्त्वावर चालतो. तो पाण्यात ध्वनी सोडतो आणि तळावरून किंवा माशांच्या थव्यावरून परतलेला प्रतिध्वनी ऐकतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो, म्हणजे तीस मीटर खोल तळाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या पंचविसाव्या भागात परत येतो. शरीराच्या मऊ ऊतींमध्ये हा वेग १५४० मीटर धरतात, त्यामुळे दहा सेंटिमीटर खोलीवरचा प्रतिध्वनी सुमारे १३० मायक्रोसेकंदांत प्रोबपर्यंत पोचतो आणि यंत्र त्या वेळेवरूनच खोली ठरवते. ट्रॉलरवर ५० किलोहर्ट्झ लावले की खोलवरचे दिसते आणि २०० लावले की उथळ पाण्यातले अधिक स्पष्ट दिसते, हे खलाशांना अनुभवाने माहीत असते. पोटासाठी २ ते ५ मेगाहर्ट्झचा वक्र प्रोब आणि थायरॉइडसारख्या वरवरच्या अवयवासाठी त्याहून जास्त कंपनसंख्येचा सरळ प्रोब का घ्यावा, याचे कारण तेच आहे. जेल लावतात ते प्रोब आणि त्वचा यांच्यामधली हवा काढून टाकण्यासाठी, कारण हवेच्या पातळ थरावरूनही जवळजवळ सगळा ध्वनी माघारी फिरतो.

डेप्थ (किती खोलवरचे पाहायचे), गेन (चित्र किती उजळ हवे) आणि फोकस (कोणत्या खोलीवर ते सर्वांत स्पष्ट हवे) ही तीन बटणे नीट समजली की अर्धा अभ्यास झाला असे मी मानतो. उरलेला अर्धा अभ्यास सावल्या ओळखण्याचा आहे. पित्ताशयातील खडा पडद्यावर पांढरा चमकतो आणि त्याच्या मागे काळी पट्टी पडते, कारण ध्वनी खड्याच्या पलीकडे जातच नाही. उलट पाण्याने भरलेल्या गाठीच्या मागचा भाग नेहमीपेक्षा उजळ दिसतो. डॉक्टर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवतात, तेव्हा विद्यार्थ्याने पडद्यावरची नजर काढू नये. सुटा खडा घरंगळून खाली सरकतो आणि भिंतीला चिकटलेला पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तराची वाढ, जागचा हलत नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुस्तकातील ते पान पुन्हा वाचावे लागत नाही.

रुग्णाची तयारी करून घेणे हे पूर्णपणे तंत्रज्ञाचे काम आहे आणि ते वाटते तितके सोपे नाही. पित्ताशय पाहायचे असेल तर साधारण सहा तास उपाशी राहावे लागते. गावाकडून पहाटेच्या एसटीने आलेली आजी ‘काही खाल्ले नाही’ असे अगदी खरेपणाने सांगते, कारण घोटभर पेज आणि दुधाचा चहा म्हणजे खाणे असे तिला वाटतच नाही. आणि यंत्र लावल्यावर पित्ताशय आकसलेले दिसते. म्हणून ‘उपाशी आहात का’ असे न विचारता ‘सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय गेले’ असे विचारायला शिकावे. ओटीपोटाच्या तपासणीसाठी तासभर आधी तीन-चार ग्लास पाणी पाजावे लागते, आणि मूत्राशय भरून ताटकळलेल्या बाईला आणखी किती वेळ लागेल हे दर थोड्या वेळाने सांगणेही आपल्याच कामात येते.

गरोदर स्त्रियांच्या बाबतीत तंत्रज्ञाकडे मुख्यतः कागद येतो आणि तो अत्यंत जबाबदारीचा असतो. प्रत्येक तपासणीचा एफ नमुना, म्हणजे कायद्याने ठरवून दिलेला नोंदीचा फॉर्म, पूर्ण भरावा लागतो, महिन्याचा अहवाल पुढील महिन्याच्या पाच तारखेपर्यंत द्यावा लागतो आणि नोंदी किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. नोंदीतील त्रुटी हाही कायद्याचा भंग मानला जातो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही तरतूद कायम ठेवली आहे. सासूने किंवा नवऱ्याने दाराशी गाठून ‘आत काय दिसले’ असे विचारले, तर शब्दाने, खुणेने किंवा चेहऱ्याने काहीही सुचवू नये. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मला त्या शिक्षेपेक्षा न जन्मलेल्या मुलींचा विचार अधिक अस्वस्थ करतो, आणि विद्यार्थ्यांनीही हा नियम त्या जाणिवेने पाळावा असे मला मनापासून वाटते.

प्रोब हा यंत्राचा सर्वांत नाजूक भाग आहे. तो हातातून पडला तर आतील स्फटिक तडकतात. पुसताना वाटेल ते स्पिरिट न वापरता कंपनीने सांगितलेलेच द्रावण वापरावे. पावसाळ्यात खोलीतील दमटपणा आटोक्यात ठेवावा आणि वीज जाण्यापूर्वी यूपीएस चालतो आहे ना हे रोज सकाळी पाहावे.

ज्यांना स्वतःच्या हाताने तपासणी करण्याचीच आवड आहे, त्यांनी परदेशाचा विचार पदवीच्या काळातच सुरू करावा. अमेरिकेत सोनोग्राफर हा स्वतंत्र पेशा आहे. तेथे तपासणी सोनोग्राफर करतो आणि डॉक्टर ती वाचून अहवाल देतात. एआरडीएमएस ही १९७५ पासूनची संस्था त्यासाठी परीक्षा घेते, आणि तिच्या एका परीक्षेत वर सांगितलेले ध्वनीचे भौतिकशास्त्रच विचारले जाते. त्या वाटेने जायचे असल्यास पहिल्या दिवसापासून लॉगबुकमध्ये तारीख, अवयव, वापरलेला प्रोब, तुम्ही केवळ पाहिले की हात लावला, आणि शेजारी कोणते डॉक्टर होते, एवढे त्याच दिवशी लिहून त्यांची सही घ्यावी.