इंटरनेट चालू, पण संकेतस्थळ उघडेना

इंदूरला टिळकनगरात घरून काम करताना माझ्या विंडोज संगणकावर एकही संकेतस्थळ उघडेना, मात्र गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्यावर केलेल्या पिंगला, म्हणजे जोडणी तपासण्यासाठी पाठवलेल्या हाकेला, उत्तर येत होते. म्हणजे जोडणी शाबूत होती, बिघाड नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसमध्ये होता.

अशा वेळी प्रथम कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एनएसलुकअप’ (nslookup) ही आज्ञा द्यावी. उत्तरात वर दिसणारा डीएनएस सर्व्हर राउटरचा नसून व्हीपीएनच्या (कार्यालयाच्या जाळ्याशी जोडणाऱ्या खासगी मार्गाच्या) किंवा व्हर्च्युअल मशीनच्या (संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकाच्या) आभासी अॅडॉप्टरचा, म्हणजे जोडणीसाठीच्या आभासी उपकरणाचा, असेल, तर दोषी सापडला. विंडोज प्रत्येक जोडणीला मेट्रिक नावाचा आकडा देते आणि ज्या जोडणीचा आकडा लहान, तिच्या डीएनएसला सहसा आधी विचारते. आभासी जोडणी बंद असली तरी तिचे अॅडॉप्टर कधीकधी हा मान सोडत नाही.

त्या अॅडॉप्टरच्या आयपीव्ही४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) गुणधर्मांत ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘ऑटोमॅटिक मेट्रिक’वरील खूण काढावी, वायफायपेक्षा मोठा आकडा, उदाहरणार्थ ५००, भरावा आणि ‘आयपीकॉन्फिग’ला ‘फ्लशडीएनएस’ जोडून (ipconfig /flushdns) पत्त्यांची जुनी साठवण पुसावी. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) चालू असल्यास तेथेही हेच करावे. कार्यालयाची अंतर्गत नावे व्हीपीएनच्याच डीएनएसला ठाऊक असतात, त्यामुळे त्या डीएनएसचा पत्ता रागाच्या भरात खोडून टाकू नये.