गेमिंगसाठी राऊटर घेताना या चुका टाळा

"राऊटर बदलला, तरी गेम अडकतोच" ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आता राऊटरचे मॉडेल विचारत नाही. मी दोनच गोष्टी विचारतो: संगणक किंवा कन्सोल तारेने जोडला आहे का, आणि घरात मोठे डाउनलोड चालू असताना पिंग (डेटाला सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) कितीवर जाते. बहुतेकांनी यातले काहीच तपासलेले नसते. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून किंवा ऑनलाइन सेलमधून सहा अँटेनांचा महागडा राऊटर मात्र घरी आलेला असतो. आधी मोजायचे आणि मग घ्यायचे, हा क्रम पाळला असता तर निम्म्या लोकांचे पैसे वाचले असते, असे माझे ठाम मत आहे.

बॉक्सवरचा आकडा वाचणे आणि पोर्टकडे न पाहणे

बॉक्सवर छापलेला आकडा ही बेरीज असते. 'एसी १२००' म्हणजे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ एमबीपीएस एकत्र करून वर नेलेली संख्या. कोणतेही एक उपकरण एका वेळी सहसा एकाच बँडवर असते, त्यामुळे ही बेरीज कोणाच्याच वाट्याला येत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या वर्गातल्या अनेक स्वस्त राऊटरांच्या मागचे पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचे असतात. हवेतून ८६७ देऊ शकणाऱ्या राऊटरमध्ये भिंतीतून आलेले इंटरनेट मुळात १०० च्या वर शिरतच नाही.

कर्वेनगरातल्या माझ्या एका मित्राच्या घरी हेच झाले होते. त्याचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा होता, पण डाउनलोड सेकंदाला ११ एमबीच्या (म्हणजे सुमारे ९० एमबीपीएसच्या) पुढे कधी गेले नाही. त्याने ब्रॉडबँडवाल्याकडे तीन वेळा तक्रार केली, प्रत्येक वेळी माणूस येऊन फायबरचा डबा बंद-चालू करून गेला. रविवारी मी गेलो, राऊटर उलटा केला आणि तळाच्या स्टिकरवर '१०/१००' ही अक्षरे दाखवली. त्याच संध्याकाळी तो गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्टचा राऊटर घेऊन आला, लावला, आणि वेग पुन्हा ९४ एमबीपीएसवरच अडला. तो चिडला, आणि त्याचे चिडणे रास्त होते. राहिली होती ती फायबरच्या डब्यापासून राऊटरपर्यंत जाणारी हातभर लांबीची केबल. तिचा पारदर्शक प्लग ट्यूबलाइटसमोर धरून मी आतल्या तारा एकेक करून मोजल्या. आठांपैकी सात तारांची टोके पुढपर्यंत पोहोचली होती. तपकिरी तार मात्र जेमतेम एक मिलिमीटर अलीकडेच थांबली होती. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात, आणि एखादी निखळली तरी उपकरणे गाजावाजा न करता १०० वर उतरतात. नवी कॅट ५ई केबल लावल्यावर २८० च्या वर आकडा दिसला. १०० जीबीचा गेम उतरवायला आधी दोन तास वीस मिनिटे लागत, आता पाऊण तासाच्या आसपास लागतात.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे, की राऊटर घेण्याआधी संगणक थेट फायबरच्या डब्याला नव्या केबलने जोडून वेग मोजायचा. तिथेच वेग मिळत नसेल तर कोणताही राऊटर तो निर्माण करू शकणार नाही.

पिंगचा दोष वेगावर टाकणे

हा माझा सर्वांत जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण याच चुकीपायी लोक प्लॅनवर प्लॅन वाढवत राहतात. ऑनलाइन गेम चालताना बहुधा १ एमबीपीएससुद्धा वापरत नाही. त्याला हवा असतो वेळेवर येणारा आणि जाणारा लहानसा डेटा. मोठे डाउनलोड किंवा अपलोड सुरू झाले की जोडणीच्या अरुंद टोकाशी डेटाची रांग साचते, आणि गेमचा चिमुकला तुकडा त्या रांगेत मागे उभा राहतो. लग्नाची ऑर्डर देणाऱ्या माणसामागे पाव किलो बाकरवडी घ्यायला थांबावे, तसे. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दोषाला 'बफरब्लोट' हे नाव रूढ केले, आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' हा त्यावरचा उपाय मांडला.

धायरीला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा गेम रोज रात्री नऊनंतर अडकायचा. "मामा, प्लॅन दुप्पट करूया का?" असे तो दोनदा विचारून चुकला होता. मी त्याच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत पिंगची आज्ञा सतत चालू ठेवली आणि आम्ही दोघे शांत बसलो. २१, २२, २१ असे आकडे वीसेक मिनिटे येत राहिले. मग भाऊजी कामावरून आले, त्यांनी मोबाइल चार्जरला लावला, आणि थोड्याच वेळात आकडे १८०, २६०, ३१० असे चढू लागले. दिवसभरात साइटवर काढलेले व्हिडिओ त्यांचा फोन चार्जरला लागताच क्लाउडवर चढवत होता, आणि त्यांच्या प्लॅनमध्ये अपलोडचा वेग अवघा २० एमबीपीएस होता. मी फोन बाजूला ठेवायला सांगितले नाही. त्याच्या राऊटरमध्ये एसक्यूएमची, म्हणजे ही रांग साचू न देता लहान डेटाला वेळेवर पुढे सोडण्याची सोय होती. ती चालू करून अपलोडची मर्यादा १७ वर बांधली. व्हिडिओ चढतच राहिले आणि पिंग ३० च्या आत आले. ही मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९०-९५ टक्क्यांवर बांधावी, असा पुस्तकी सल्ला असतो. मी ८५ टक्क्यांपासून सुरुवात करतो आणि मोजत मोजत वर जातो, कारण रात्रीच्या गर्दीत जोडणीचा खरा वेग खाली येतो.

म्हणून राऊटर घेताना 'एफक्यू-कोडेल' किंवा 'केक' या पद्धतींवरचे एसक्यूएम त्यात आहे का, हे पाहावे. नुसते 'गेमिंग मोड' असे बटण असणे म्हणजे एसक्यूएम असणे नव्हे. या कामाला प्रोसेसरची ताकद लागते, आणि ३०० एमबीपीएसच्या प्लॅनवर दुबळा राऊटर एसक्यूएम लावताच डाउनलोडचा वेगच खाली आणतो, हेही ध्यानात असू द्यावे.

डीएनएस बदलून किंवा 'गेम बूस्टर' ॲप टाकून पिंग कमी होईल, या आशेने सुरुवात करणाऱ्यांची घाई मला समजते, पण तिचे समर्थन करवत नाही. डीएनएस फक्त पत्ता शोधून देतो. एकदा गेम जोडला गेला की त्याचे काम संपते. अंतराचा हिशेबही टाळता येत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे पुण्याहून मुंबईच्या सर्व्हरला जाऊन येण्यात प्रकाशाचे दोनेक मिलिसेकंद जातात, तर सिंगापूरला जाऊन येण्यात किमान ४०. गेममध्ये आधी मुंबईचा सर्व्हर निवडावा.

बाकीच्या चुका

राऊटर माळ्यावर, चपलांच्या कपाटात किंवा लोखंडी कपाटामागे ठेवू नये. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींना एकच मोठा राऊटर पुरत नाही. तिथे तार ओढून दुसऱ्या टोकाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे त्या तारेवरून वायफाय देणारे यंत्र लावावे. स्वस्त रेंज एक्स्टेंडर एकाच रेडिओवरून ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. मी तो कोणालाही सुचवत नाही.

सोसायटीत २.४ गिगाहर्ट्झवर वीस-पंचवीस नावे दिसतात आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. गेमचे यंत्र ५ गिगाहर्ट्झवर बांधून ठेवावे आणि दोन्ही बँडना वेगळी नावे द्यावीत. मात्र २०१३ च्या मूळ प्लेस्टेशन ४ ला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. त्याला तारच द्यावी.

ब्रॉडबँडवाल्याचा डबा स्वतःच राऊटरचे काम करत असेल आणि त्यामागे आपला राऊटर लावला, तर दुहेरी नॅट होते, म्हणजे बाहेरचा एक पत्ता घरातल्या उपकरणांत वाटण्याचे काम दोनदा होते, आणि गेममध्ये 'स्ट्रिक्ट नॅट' अशी सूचना येते. डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यावा, म्हणजे तो राऊटरचे काम सोडून नुसती जोडणी पुढे देतो. राऊटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर कंपनी तो अनेक ग्राहकांत वाटून देत आहे. तेव्हा पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (बाहेरून येणारा डेटा ठरावीक यंत्राकडे वळवण्याच्या सेटिंगमध्ये) रात्र घालवू नये, स्वतंत्र आयपी पत्ता मागून घ्यावा.

नवा राऊटर आल्यावर बॉक्स टाकू नये. परतीची मुदत संपेपर्यंत रोज रात्री एकदा राऊटरच्याच पत्त्यावर, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ वर, पिंग चालवून पाहावे. तिथेच आकडे उड्या मारत असतील तर दोष घरातल्या वायफायमध्ये आहे. तिथे १-२ स्थिर असून बाहेरच्या पत्त्यावर बिघडत असेल तर राऊटर परत करून काही हाती लागणार नाही.

पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते, त्यामुळे घेतानाच १२ व्होल्टचा लहान यूपीएस घ्यावा, आणि त्यातून राऊटर व फायबरचा डबा या दोघांनाही वीज मिळेल इतके ॲम्पिअर आहेत ना, हे ॲडॅप्टरवरचे आकडे जुळवून पाहावे.