‘सेव्ह झालं’ म्हणजे नक्की कुठं झालं? मोंगोडीबीच्या राइट कन्सर्नमधल्या या चुका टाळा

एप्रिल संपत आला होता. दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून यायचं आणि वळीव गाठतोय म्हटलं की शेडवरचा बेदाणा भरून कोल्ड स्टोअरेजला आणायची एकच धांदल उडायची. सांगलीजवळच्या अशाच एका स्टोअरेजचं आवक-जावकीचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो, त्याच्या नोंदी मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये असतात. एका संध्याकाळी आवक काउंटरवरच्या मुलीचा फोन आला, “सर, एक आबा आलेत. त्यांच्याकडं आपलीच पावती आहे, पण सिस्टिममध्ये त्या नंबरवर दुसऱ्याच शेतकऱ्याचा माल दिसतोय.” मागून आबांचा आवाज ऐकू येत होता, “ताई, पावती हातात हाय की माझ्या! शिक्का तुमचा, सही तुमची. मग तीनशेवीस बॉक्स गेलं कुठं?”

बॉक्स आत चेंबरमध्येच होते. गेली होती ती नोंद. आणि तिला घालवणारी ओळ माझीच होती, दुसऱ्या जुन्या प्रोजेक्टमधून उचलून आणलेली कनेक्शन स्ट्रिंग (डेटाबेसला कसं जोडायचं ते सांगणारा मजकूर). तिच्यात ‘डब्ल्यू=१’ असं लिहिलेलं होतं.

राइट कन्सर्न म्हणजे आपल्या भाषेत पोच. नोंद पाठवल्यावर ‘मिळाली’ हे कुणाकडून ऐकल्याशिवाय पुढं जायचं नाही, एवढंच तो ठरवतो. एकच डेटा अनेक सर्व्हरवर ठेवलेला असतो; नव्या नोंदी घेणारा तो प्रायमरी, त्याच्या प्रती ठेवणारे ते सेकंडरी. ‘डब्ल्यू १’ म्हणजे फक्त प्रायमरी सर्व्हरची पोच. ‘मेजॉरिटी’ म्हणजे प्रायमरी निवडताना मत असलेल्या सर्व्हरांपैकी निम्म्याहून अधिक जणांइतकी पोच, तीन सर्व्हर असतील तर दोघांची.

आमचे सर्व्हर तीन. एक ऑफिसात, एक दुसऱ्या गोदामात, एक क्लाउडवर. त्या दिवशी विजा कडकडल्या आणि ऑफिसची इंटरनेट लाइन गेली. ऑफिसातला सर्व्हर यूपीएसवर चालूच होता आणि तोच प्रायमरी होता. काउंटरचं मशीन त्याच नेटवर्कवर असल्यामुळं पावत्या निघत राहिल्या. बाकीचे दोघे दिसत नाहीत हे लक्षात येऊन प्रायमरीनं स्वतः पायउतार व्हायला डीफॉल्ट सेटिंगमध्ये दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांत, आणि त्याआधी रखडलेल्या लाइनवरून पलीकडं पोहोचलेल्याच नव्हत्या अशा, मिळून चार पावत्या छापून झाल्या. चारही ‘सेव्ह झाल्या’. इकडं उरलेल्या दोघांनी आपल्यातला एक नवा प्रायमरी निवडला. लाइन परत आल्यावर जुना प्रायमरी मुकाट्यानं नव्याच्या मागं लागला आणि त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी त्या चार नोंदी त्यानं मागं घेतल्या. याला रोलबॅक म्हणतात. यात बिघाड काही नाही, ठरवून दिलेलं वागणंच ते.

खरी गंमत पुढं आहे, म्हणजे आता गंमत वाटते. पावती नंबर देणारा मोजणीचा आकडाही त्याच डेटाबेसमध्ये, त्याच ‘डब्ल्यू १’नं वाढवला जात होता. तोही चार घरं मागं गेला. त्यामुळं पुढच्या चार शेतकऱ्यांना तेच चार नंबर मिळाले. नोंद नुसती गहाळ झाली असती तर लवकर कळलं असतं. इथं त्या नंबरवर नोंद सापडत होती, फक्त माणूस दुसरा होता.

म्हणून पहिलं काम, आज सकाळीच करा असं. कनेक्शन स्ट्रिंग उघडून वाचा. मोंगोडीबी ५.० पासून (साल २०२१) डीफॉल्ट ‘मेजॉरिटी’ झालंय, हे ऐकून बरेच जण निर्धास्त असतात. पण स्ट्रिंगमध्ये किंवा कोडमध्ये तुम्ही स्वतः काही लिहिलं असेल तर चालतं ते तुमचंच, डीफॉल्ट बाजूला राहतं. सर्व्हरचं डीफॉल्ट काय आहे ते ‘गेट-डीफॉल्ट-आरडब्ल्यू-कन्सर्न’ ही अॅडमिन कमांड सांगते. कोडमधलं मात्र तुम्हालाच शोधावं लागतं.

नोंद आधीच गेली असेल तर घाबरून बॅकअप चढवायला धावू नका. जुन्या प्रायमरीच्या डेटा डिरेक्टरीत ‘रोलबॅक’ नावाचं फोल्डर बघा. मागं घेतलेल्या नोंदी डीफॉल्ट सेटिंगमध्ये तिथं बीसॉन (मोंगोडीबीचं डेटा साठवायचं स्वरूप) फाइलमध्ये ठेवलेल्या असतात, त्या ‘बीसॉनडम्प’ या टूलनं वाचता येतात. आबांचे तीनशेवीस बॉक्स मला तिथंच सापडले. ते आपोआप परत डेटाबेसमध्ये जात नाहीत, हातानं तपासून घालावे लागतात.

आता दुसरी चूक. ही मी पहिल्या चुकीवर उपाय करताना केली. ‘मेजॉरिटी’ लावलं आणि काउंटर अडकून बसू नये म्हणून ‘डब्ल्यूटाइमआउट’, म्हणजे पोचेची वाट बघायची मर्यादा, दोनशे मिलिसेकंद ठेवला. हंगामात लाइन संथ झाली की एरर यायची, ‘वेटिंग फॉर रेप्लिकेशन टाइम्ड आउट’, कोड ६४. मी कोडमध्ये लिहून ठेवलं होतं, एरर आली की पुन्हा पाठव. दोन दिवसांत एकेका शेतकऱ्याचा माल दुप्पट दिसायला लागला. मालकांनी बोलावून विचारलं, “चेंबरची क्षमता तेवढीच हाय, आणि माल जास्त कसा दाखवतोय रे तुझा कॉम्प्युटर?”

टाइमआउट झाला म्हणजे नोंद झाली नाही, हा अर्थ चुकीचा आहे. प्रायमरीवर नोंद झालेली असते आणि ती पुढं बाकीच्यांकडं जातही असते. फक्त ठरलेल्या वेळेत पुरेशा जणांची पोच आली नाही, एवढंच ती एरर सांगते. टाइमआउटमुळं लिहिलेलं काहीही मागं घेतलं जात नाही. सर्व्हरचं कच्चं उत्तर पाहिलंत तर त्यात ‘ओके १’ असतं आणि त्याच्याच खाली राइट कन्सर्न एरर. रजिस्टर पत्राची पोच आली नाही म्हणून तेच पत्र दुसऱ्यांदा टाकलं तर पलीकडच्याच्या हातात दोन पत्रं पडणार.

यावर उपाय एकच, आणि तो टाइमआउट वाढवण्याच्या आधी करायचा. पावतीच्या नोंदीचा आयडी (‘_id’) पाठवण्याआधी अॅपमध्येच तयार करा आणि पुन्हा पाठवताना तोच वापरा. मग दुसरी खेप गेली तर ‘डुप्लिकेट की’ची एरर येते, कोड ११०००. ती दिसली की कपाळाला हात लावायचं कारण नाही, पहिली खेप पोहोचली होती असा तिचा अर्थ. मात्र ती बहुमतापर्यंत पोहोचली का, हे ११००० सांगत नाही. ते बघायला तोच आयडी प्रायमरीकडून ‘मेजॉरिटी’ रीड कन्सर्ननं (बहुमतापर्यंत पोहोचलेलंच दाखव असं सांगून) वाचून घ्या आणि मगच पावती छापा. आणि ‘डब्ल्यूटाइमआउट’ लिहिलाच नाही तर वाट बघायला मर्यादाच नसते, म्हणून तो असू द्या. आमच्याकडं पाच हजार मिलिसेकंद आहे.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

बहुमतापेक्षा ‘सगळेच’ बरे, म्हणून कुणी ‘डब्ल्यू ३’ लिहितं. तीनपैकी एक सर्व्हर बंद झाला की त्या क्षणापासून प्रत्येक नोंद अडकते. एक पडला तरी काम चालावं म्हणून तीन घेतले, आणि आपल्याच हातानं ती सोय काढून टाकली.

तिसऱ्या सर्व्हरचे पैसे वाचवायला आर्बिटर बसवणं ही आपल्याकडची लाडकी काटकसर. आर्बिटर मत देतो, पण डेटा ठेवत नाही, म्हणजे पोचही देऊ शकत नाही. दोन डेटावाले आणि एक आर्बिटर असा संच असेल तर ५.० नंतरही डीफॉल्ट ‘डब्ल्यू १’च राहतं. तुम्ही ‘मेजॉरिटी’ लिहिलंत आणि डेटावाल्यांपैकी एक बंद पडला, तर प्रायमरी उभा असतो पण बहुमताची पोच कधीच येत नाही. माझं मत विचाराल तर तिसरा साधासुधा का होईना, डेटा ठेवणाराच घ्या.

राइट कन्सर्नमधला आणखी एक पर्याय ‘जे’, म्हणजे जर्नल: सर्व्हर अचानक बंद पडला तरी नोंद परत मिळावी म्हणून डिस्कवर लिहिली जाणारी वही. ‘डब्ल्यू १’ची पोच नोंद मेमरीत गेल्यावरही मिळू शकते, आणि जर्नल डीफॉल्टनं दर शंभर मिलिसेकंदांनी डिस्कवर उतरतं. तेवढ्यात लाइट गेली आणि यूपीएसनं मान टाकली, तर गेली नोंद. ‘मेजॉरिटी’ असेल तर डीफॉल्ट सेटिंगमध्ये जर्नलची अट त्यातच धरलेली असते, वेगळं लिहावं लागत नाही. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये या पर्यायाचं नाव ‘जर्नल’ आहे आणि कमांडमध्ये ‘जे’, इथं बरेच जण गोंधळतात.

‘मेजॉरिटी’नं लिहिलं आणि लगेच सेकंडरीवरून वाचलं, तर नोंद दिसेलच असं नाही. तीनमधल्या दोघांकडं ती आहे, तुम्ही विचारलंत तिसऱ्याला. पावती छापण्याआधीचं वाचन प्रायमरीवरून करा.

ट्रान्झॅक्शनच्या (सगळ्या मिळून एकत्रच पक्क्या होणाऱ्या कमांडच्या गटाच्या) आत एकेका कमांडला वेगळा राइट कन्सर्न देऊ नका, एरर येते. तो पूर्ण ट्रान्झॅक्शनला एकदाच द्यायचा.

‘डब्ल्यू ०’ म्हणजे पोचच नको, त्याबद्दल फार बोलायला नको. २०१२ च्या शेवटापर्यंत मोंगोडीबीचे ड्रायव्हर (अॅपला डेटाबेसशी जोडणारा कोड) डीफॉल्टनं पोच मागतच नसत, तेव्हाची बदनामी अजून पुसली गेलेली नाही. आज पैशाच्या किंवा मालाच्या नोंदीला कुणी ते लावत असेल तर त्याला आधी चहा पाजा आणि मग कीबोर्ड काढून घ्या. चेंबरमधल्या तापमानाच्या नोंदींना मात्र मी आजही ‘डब्ल्यू १’च ठेवलंय. मिनिटाला येणाऱ्या आकड्यांतला एखादा गेला तर बेदाणा खराब होत नाही. ‘मेजॉरिटी’नं प्रत्येक नोंदीला क्लाउडपर्यंतची किंवा गोदामापर्यंतची एक फेरी वाढते. पावतीच्या काउंटरवर ती जाणवतही नाही, कारण प्रिंटरच तिच्यापेक्षा कितीतरी सावकाश चालतो.

आता हंगाम सुरू व्हायच्या आधी, माल नसतो अशा दिवशी, मी काउंटरवर बसून खोट्या पावत्या काढत राहतो आणि एकाला प्रायमरीची बाहेरची केबल उपसायला सांगतो. पावती अडकली पाहिजे, छापली जाता कामा नये. स्क्रीनवर ‘नोंद पक्की झालेली नाही, पावती देऊ नका’ हे आलं पाहिजे. केबल परत लावल्यावर त्याच आयडीनं एकच नोंद दिसली पाहिजे. रोलबॅक फोल्डरात काही आलं की माझ्या फोनवर मेसेज येतो. त्या फोल्डरात फाइल दिसेल तेव्हा आतल्या नोंदी वाचून बघतो. पोच न आलेली, पावती न छापलेली नोंद ‘मेजॉरिटी’ असूनही तिथं येऊ शकते. पण पावती छापून दिलेल्या मालाची एखादी जरी निघाली तर कुठल्या कमांडला ‘मेजॉरिटी’ लावायचं राहिलंय, ते शोधत बसतो.

आबांना त्याच रात्री नवीन नंबरची पावती दिली. जुनी मात्र त्यांनी परत दिली नाही, घडी घालून खिशात ठेवली.