बीएमडी बरोबर आलाय का? पेपरातच तपासा

सांगलीच्या विश्रामबागेत खोली घेऊन राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांचं एसओएमचं (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स) घोडं अडतं ते एसएफडी-बीएमडीपाशी, म्हणजे बीममधला शिअर फोर्स (आडवा कापणारा जोर) आणि बेंडिंग मोमेंट (वाकवणारा परिणाम) दाखवणाऱ्या आकृत्यांपाशी. आकृती निघते, पण ती बरोबर आहे का, हे पेपर देताना कळत नाही.

सिम्पली सपोर्टेड बीम (दोन्ही टोकांना नुसता टेकवलेला) असेल तर:

१. शिअर शून्य होतो तिथे खूण करा.
२. डाव्या टोकापासून तिथपर्यंतचं एसएफडीचं क्षेत्रफळ काढा. तोच तिथला मोमेंट.

६ मीटरचा बीम, पूर्ण लांबीवर मीटरला १० किलोन्यूटन यूडीएल (सारखा पसरलेला भार) घ्या. रिअ‍ॅक्शन, म्हणजे टेकूंचा उलटा जोर, ३०-३० किलोन्यूटन. शिअर मधोमध, ३ मीटरवर शून्य. तिथपर्यंतचा एसएफडीचा त्रिकोण ½ × ३ × ३० = ४५ किलोन्यूटन-मीटर. बीएमडीत मधोमध हाच आकडा हवा. वेगळा असेल तर रिअ‍ॅक्शन आधी तपासा, चूक बहुतेक तिथेच सापडते.

मध्ये कपल (बीमला नुसतं फिरवू पाहणारी जोरांची जोडी) असेल तर सांभाळा. तिथे बीएमडी एकदम उडी मारतो आणि एसएफडीत काहीच दिसत नाही. तो कपल चिन्हासकट वेगळा धरायचा.