पहाटे पळणाऱ्यांचं बेळगाव : नव्याने आलेल्यांसाठी

जूनमध्ये बदली होऊन बेळगावात आलेला माणूस मला सप्टेंबरअखेर लांबूनच ओळखू येतो. कपड्यांना ओलसर वास, चपलांवर बुरशी आणि तोंडात एकच प्रश्न : "इथं ऊन पडतं की नाही हो?" पडतं. घटस्थापनेच्या आगेमागे एका सकाळी दार उघडाल तेव्हा समोरच्या कौलांवरून वाफ निघत असेल. हवेत गारवा असेल, खरं अंगाला चिकटणारी ओल नसेल. (हे 'खरं' म्हणजे 'पण'. पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या. मला एकजण म्हणाला होता, "उद्या येतो खरं जमंल असं वाटत नाही," आणि मी त्यातलं पहिलं अर्धं वाक्य धरून व्हॅक्सिन डेपो नावाच्या इथल्या झाडीच्या आवाराबाहेर अर्धा तास उभी राहिले होते.)

त्या सकाळपासून साधारण डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतचे आठ-नऊ आठवडे इथं पळायचे. हे लिहायचं कारण एवढंच की मी पहिली तीन वर्षं ते वाया घालवले.

मी २००९ मध्ये सोलापूरहून आले. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेबाचं काम आणि टिळकवाडीत भाड्याची खोली. सोलापुरात ऑक्टोबर म्हणजे दुसरा उन्हाळा, त्यामुळे त्या महिन्यात घराबाहेर पडून पळावं हे डोक्यातच येत नव्हतं. वजन वाढलं तेव्हा एका जिममध्ये वर्षाचे पैसे एकदम भरले. तिसऱ्या महिन्यात जिमला कुलूप लागलं आणि पैसे बुडाले. पुढच्या दसऱ्याला दिराचे जुने बूट घालून रस्त्यावर उतरले, ती अजून उतरतेच आहे.

हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे. एवढ्या उंचीने दम लागत नाही, तेव्हा धाप लागली तर दोष उंचीला देऊ नका. उंचीचा फायदा मात्र होतो, पहाटा गार असतात. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य सव्वासहाच्या पुढे उगवतो. पावणेसहाला निघालात तर अर्धा वेळ अंधारात, अर्धा उजेडात जातो, आणि मला विचाराल तर तीच वेळ चांगली. संध्याकाळी पळायचा हट्ट ऑक्टोबरात धरू नका. परतीचा पाऊस दुपारनंतर अचानक येतो आणि तो विजा घेऊन येतो. उघड्या शिवारात सापडलात तर पळण्याची हौस एका संध्याकाळीच फिटेल.

कुठे पळायचं? सुरुवात व्हॅक्सिन डेपोतच करा. टिळकवाडीच्या मधोमध एवढी झाडं अजून उभी आहेत यावर नव्या माणसाचा विश्वास बसत नाही. पायाखाली माती, वर सावली, आणि पहाटे निम्मं टिळकवाडी तिथं चालायला आलेलं असतं, त्यामुळे एकटं वाटत नाही. पाऊस नुकताच गेलेला असेल तर तांबडी माती सपाट दिसते आणि साबणासारखी घसरते. पहिले पंधरा दिवस वळणावर चालत जा. हे मी पडून शिकले आहे.

महिन्याभराने काँग्रेस रोड. रेल्वेच्या पहिल्या गेटपासून तिसऱ्या गेटपर्यंत रुळांच्या कडेने जाणारा हा रस्ता. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन इथं टिळकवाडीत भरलं होतं, त्याचं हे नाव. गांधीजी काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एवढं एकदाच. रस्ता सरळ आहे, पुढचं सगळं आधीच दिसतं, आणि पळणाऱ्याला नेमकं तेच नको असतं. मला हा रस्ता कंटाळवाणा वाटतो, माझ्या नवऱ्याला अतिशय आवडतो. सहाच्या आत उरकलात तर वाहनं कमी, नंतर धूर.

कॅम्प, म्हणजे लष्करी छावणीचा भाग, मात्र दोघांनाही आवडतो. जुनी डेरेदार झाडं, रुंद रस्ते, पहाटेची शांतता. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथंच आहे, त्यामुळे मधूनच रिक्रूट पोरांची तुकडी एका तालात बूट आपटत बाजूने निघून जाते. त्यांच्याशी बरोबरी करायला जाऊ नका. पहिल्या वर्षी मी शंभर पावलं केली आणि मिलिटरी महादेवाच्या देवळापाशी बसून राहिले. काही रस्त्यांवर पहारा असतो. पहारेकरी थांबवेल तिथं थांबा, तो सांगेल तिकडून वळा आणि फोटो काढू नका. हुज्जत घालायची जागा ती नव्हे.

किल्ल्याच्या तळ्याकडे रविवारी जा. ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ लांबूनच दिसतो, त्यामुळे वाट चुकायचा प्रश्न नाही. तळ्याच्या पाण्यावर धुकं असेल तर पळणं थांबवून पाच मिनिटं नुसतं बघत उभं राहिलं तरी चालतं.

आणि शिवार. अनगोळ, वडगाव, शहापूर ओलांडून येळ्ळूरच्या दिशेला निघालात की शहर एकदम संपतं आणि भात सुरू होतं. ही काळी जमीन बेळगाव बासमतीची. ऑक्टोबरात लोंब्या भरून वाकायला लागतात, आणि पहाटे दवात त्यांचा जो वास येतो त्यासाठी मी दर रविवारी पाऊण तास लवकर उठते. तो वास शिजलेल्या भातासारखा नसतो, ओल्या गवतासारखाही नसतो, दोन्हींच्या मधला काहीतरी असतो. नोव्हेंबरात सुगी. कापणी झालेल्या वाफ्यांतून बगळे फिरत असतात, बांधावर पेंढ्या रचलेल्या असतात, कुणीतरी मळणीच्या तयारीत असतं आणि हमखास हाक येते, "काय वहिनी, कुठवर?" या हाकेला उत्तर द्यायचं असतं. नुसती मान हलवून पुढं गेलात तर शिष्ट ठरता.

पळण्याच्या वेगाबद्दल माझा सगळा सल्ला त्या हाकेतच येतो. घड्याळात मिनिटं बघू नका. "येळ्ळूरच्या वेशीपर्यंत जाऊन येतो काका, तुमचं भात काय म्हणतंय?" एवढं न धापता बोलता येईल, तो तुमचा वेग. बोलता बोलता पळता येणं म्हणजे शरीराला सोसेल असं पळणं, जगभर नवशिक्यांना हेच सांगतात. सुरुवातीला एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. दोन महिन्यांत चालणं आपोआप कमी होतं. घाई केलीत की नडगी धरते आणि मग सगळा कार्तिक खुर्चीत जातो. बूट संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. पाच-सातशे किलोमीटर झाले की तळ वरवर धड दिसला तरी बूट बदला. बाकी काही विकत घ्यायची गरज नाही.

बायकांसाठी वेगळं सांगते. पहिली दोन वर्षं मी सलवार-कमीजमध्ये पळले, कारण लोक काय म्हणतील. लोक काहीच म्हणाले नाहीत. डेपोत आणि कॅम्पात पहाटे बायका भरपूर असतात, काही तर नऊवारीत माझ्यापेक्षा झपझप चालतात. शिवारात मात्र एकटं जाऊ नका, दोघी-तिघी मिळून जा. कानात इअरफोन घालू नका आणि अंगात फिकट रंगाचं काहीतरी असू द्या. ते उसाच्या ट्रॅक्टरांसाठी. गाळप हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात, कित्येकांना मागे दिवा नसतो, आणि वरच्या गाण्यापुढे ड्रायव्हरला काही ऐकू येत नाही. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरची वाहनं दिसतील असं पळा. ट्रॉली आली की सरळ मातीवर उतरा.

कुत्र्यांपुढे पळू नका. थांबा, चालायला लागा, "हाड" पुरेसं जोरात म्हणा. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या. हळद, चुना काही लावू नका. बिबट्याबद्दलही कुणीतरी तुम्हाला सांगेलच. गोष्ट खरी आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये रेसकोर्स भागात बिबट्या दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवल्या, शोधायला हत्ती आणले. आम्ही कितीतरी दिवस तिकडे फिरकलो नाही. आता पळतो. खानापूरकडे जांबोटीच्या जंगलवाटांवर मात्र पहाटे पळायला जाऊच नका, तिथं अस्वलं आहेत आणि त्यांची पहाट आपल्या आधी होते.

आता सणांचं गणित, कारण इथला शरद सणांनी भरलेला असतो. नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौड निघते. पुढे भगवा ध्वज, मागे पांढऱ्या कपड्यांतली, फेटे-टोप्या घातलेली हजारो माणसं, आणि रोज वेगळ्या भागातून. गल्लीत रांगोळ्या, दारात आरत्या. माझ्या मुलीला पळायची गोडी लागली ती या दौडीमुळे, माझ्यामुळे नाही. धक्काबुक्की सोसत नसेल तर कडेला उभं राहून बघा, खरं एकदा तरी बघा. नऊ दिवसांचा उपास असेल तर त्या दिवसांत लांबचं पळणं सोडा. थोडं पळा आणि घरी येऊन उकडलेली रताळी खा. बेळगावच्या पश्चिमेच्या तांबड्या जमिनीतली रताळी तेव्हा बाजारात आलेली असतात.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या सकाळी पळू नका, धूर खाली बसलेला असतो. पाडव्याला तर रस्ता गवळ्यांच्या म्हशींचा. शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून मोटरसायकलींच्या मागे म्हशी पळवतात. एवढ्या वर्षांत माझ्यापेक्षा ऐटीत पळणारं कुणी पाहिलं असेल तर त्या म्हशी.

१ नोव्हेंबरला शहराच्या मध्यभागातून जाऊ नका. एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिन, मधे पोलीस. इथली माणसं काय ते जाणतात, नव्या माणसाने गप्प ऐकावं आणि त्या दिवशी शिवाराकडे पळावं. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की महामार्गाच्या बाजूचे रस्तेही तसेच होतात.

रविवारी जमेल तेव्हा येळ्ळूरच्या राजहंसगडावर जा. गाडी खाली ठेवा आणि चढ पायी घ्या. चढावर पळायचा हट्ट नको, चाललात तरी पोटऱ्या दोन दिवस आठवण देतात. वरून भाताचे पिवळे-हिरवे तुकडे आणि मधून जाणारा बळ्ळारी नाला दिसतो. पावसाळ्यात याच नाल्याने शिवार बुडवलेलं असतं हे तेव्हा खोटं वाटतं. उतरल्यावर उप्पीट आणि वन बाय टू चहा. कुंदा, म्हणजे इथली दुधाची मिठाई, खाऊ नका असं सांगणारी मी नव्हे.

राहिली भाषा. टिळकवाडी, शहापूर, वडगावात मराठीवर सहज निभावतं, नेहरूनगरकडे गेलात की कन्नड जास्त. पळणाऱ्याला फार लागत नाही. वाट मागायला "दारि बिडरी", कुणी काही विचारलं तर "हौद्री" म्हणजे 'होय जी', आणि शेवटी तो आदराचा 'री' विसरायचा नाही. एका अक्षरापुरती मात्र काळजी घ्या.

मी पळायला लागले त्या पहिल्या हिवाळ्यात आमच्या घरमालकीण अज्जींनी विचारलं, रोज पहाटे उठून काय करतेस? नुकतंच शिकलेलं कन्नड वापरायची मला खुमखुमी. मी म्हटलं, "ओदतीनी." त्या खूश झाल्या. दुसऱ्या दिवसापासून नातवाच्या टीव्हीचा आवाज कमी झाला, संध्याकाळी दुधाचा पेला यायला लागला, आणि मला वाटलं, काय माया आहे या गावात पळणाऱ्यांची! चार महिन्यांनी अज्जींनी हळूच विचारलं, परीक्षा कधी आहे? तेव्हा उलगडा झाला. पळते म्हणजे 'ओडतीनी', ड ने. 'ओदतीनी', द ने, म्हणजे वाचते, अभ्यास करते.

आम्ही आता दोन गल्ल्या पलीकडे स्वतःच्या घरात राहतो. डेपोतून परतताना वाट अज्जींच्या फाटकावरून जाते. त्या ओट्यावर ऊन खात बसलेल्या असतात, आणि मी दिसले की न चुकता विचारतात, "इवत्त एष्ट पान?" आज किती पानं झाली?

किलोमीटर मोजून मी बोटं दाखवते. "ऐदु, अज्जी." पाच.